परत गेलेला लखोटा

सुभेदार जयसिंग बिडगर दौंडहून आले ते कडक इस्त्रीतच आले. दोन ऑक्टोबरची ग्रामसभा दुपारी चारला, आणि हा गडी सकाळी नऊलाच वडगाव रासाईत हजर. केडगावपासून वडापच्या जीपमध्ये अकरा माणसांत दाबून बसले होते, तरी ताठ ते ताठच. हातात रेक्झिनची बॅग, बॅगेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फाईल आणि फाईलीत एक पत्र. ते पत्र गेल्या तीन दिवसांत त्यांनी दौंडमध्ये रेल्वे क्वार्टरपासून सलूनवाल्यापर्यंत सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. सलूनवाल्याला तर दोनदा. पण ज्यांना खरं दाखवायचं ती माणसं इथं होती, भीमेच्या काठाला, धाकट्या भावाच्या घरात.

"चहा घ्या भावजी, मग काढा काय काढायचं ते," गिताबाई म्हणाली. धाकट्या भावाची, मल्हारीची बायको. तिनं दारातच ओळखलं होतं की आज मोठे भावजी पाहुणे म्हणून आलेले नाहीत, मोहिमेवर आलेले आहेत.

मोहीम साधी होती. कारगिलची लढाई होऊन तीन महिनेही झाले नव्हते. ग्रामपंचायतीनं ठरवलं होतं, गावातून फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं कोरून शाळेपुढं एक दगड उभा करायचा. यादीत अकरा नावं होती. त्यात सुभेदारांचं होतं. त्यांच्या बापाचं, भैरू सतू बिडगरचं, नव्हतं. आज सभेत यादी पक्की झाली की उद्या पाथरवटाकडे जाणार, आणि एकदा दगडावर छिन्नी चालली की मग त्यात कोण घुसडणार नाव?

भैरूचं नाव का नाही, हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. भैरू दुसऱ्या महायुद्धात भरती झाला होता आणि तिथून पळून आला होता, हे गावाला पन्नास वर्षं पाठ होतं. अंगावर ना बिल्ला ना पदक, आला तो थेट कोकणात उतरलेल्या भावाच्या कळपात शिरला. पुढं जन्मभर मेंढरं राखली, शेवटी थोडी शेती केली आणि शहाऐंशी साली गेला. त्या लढाईबद्दल त्याच्या तोंडून पोरांनी कधी चार वाक्यं सलग ऐकली नाहीत.

जयसिंग शाळेत होते तेव्हा पोरं त्यांना पळपुट्याचा पोरगा म्हणायची. तो शब्द धुऊन काढायला ते अठराव्या वर्षी भरती झाले आणि अठ्ठावीस वर्षं फौजेत राहिले. एकाहत्तर साली मांडीत लोखंडाचा तुकडा घेऊन आले, पदकं घेऊन आले. शब्द धुतला गेला, पण तो त्यांच्यावरचा. बापावरचा जिथल्या तिथं राहिला, आणि तेच त्यांच्या जिवाला लागून होतं. म्हणून पेन्शनीत आल्यावर हवाई दलाच्या रेकॉर्ड ऑफिसला चार वर्षं पत्रांवर पत्रं. तीन दिवसांपूर्वी उत्तर आलं.

"रवी, वाच," सुभेदार म्हणाले. त्यांना ते पाठ होतं, पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

रविराज, मल्हारीचा पोरगा, रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला होता आणि कारेगावात खोली करून राहायचा. गांधी जयंतीच्या सुट्टीनं घरी सापडला. त्यानं कागद हातात घेतला. मल्हारी दारात पाठमोरा बसून उसाकडे बघत होता. कोपऱ्यात घोंगडीवर नाना होते. हौशीराम नाना, भैरूचे धाकटे सख्खे भाऊ, आता ऐंशीला टेकलेले. चातीवर लोकर कातत होते. कानानं बरे होते, पण मनाला येईल तेवढंच ऐकायचे.

"भरती ऑक्टोबर बेचाळीस. सुटका फेब्रुवारी सेहेचाळीस," रविराज अडखळत मराठीत सांगू लागला. "आर्मरर. बॉम्बर स्क्वाड्रन. ब्रह्मदेश आघाडी. वर्तणूक एक्झम्प्लरी. तात्या, एक्झम्प्लरी म्हंजी?"

"एक नंबर. त्याच्या वरचा शेराच नसतो. मला तो मिळाला, पण मिळेस्तोवर केस पांढरे झाले. आबांनी साडेतीन वर्षांत घेतला."

"आन् आर्मरर?" गिताबाईनं विचारलं.

सुभेदारांना हाच प्रश्न हवा होता. त्यांनी कप खाली ठेवला. "विमानाच्या पोटात बॉम्ब चढवायचा तो आर्मरर. पाचशे पौंडांचा एकेक. गाडीवरून ढकलत आणायचा, गरारीनं वर उचलायचा आणि आकड्यात बसवायचा. आकडा तसूभर चुकला तर विमान धावपट्टीवरच बॉम्ब टाकणार, की सगळे खलास. वैमानिक खाली वाकून बघत नसतो. त्या माणसानं अंगठा वर केला की तो निघाला. एवढा भरवसा आपल्या आबांच्या अंगठ्यावर होता, सही करता येत नव्हती त्या अंगठ्यावर."

"म्हंजी हमालीच," मल्हारी मान न वळवता म्हणाला.

"हमालाला एक्झम्प्लरी देत न्हाईत, मल्हारी."

"देऊ द्या न्हाईतर न देऊ द्या. दादा, तुम्ही कागद दाखवून संध्याकाळी दौंडला जाल. गावात राहायचं आम्हाला. विसरलेत लोक. आता परत सभेत उकरून काढायचं, परत चार तोंडं हसणार."

"कुठं विसरलेत?" गिताबाई फटकन बोलली. "मी नवी नवरी नदीवर धुणं घेऊन गेले तवा मला पळपुट्याची सून म्हटल्यात. तुम्ही विसरला असाल. मी मरेस्तोवर विसरायची न्हाई. भावजी, पुढचं वाचायला सांगा."

बायको भावाच्या बाजूनं गेली म्हटल्यावर मल्हारी उसाकडेच बघत राहिला.

पुढचं हे असं होतं. भैरू बिडगरला तीन पदकं मंजूर झाली होती. ऑगस्ट अठ्ठेचाळीसमध्ये लखोट्यात घालून गावच्या पत्त्यावर पाठवली होती. लखोटा परत गेला. परत का गेला, त्या शेऱ्याची झेरॉक्स सोबत जोडली होती. मराठी अक्षर, फिकट पण लागत होतं. रविराजनं ते उजेडात धरून वाचलं.

"‘सदर नावाचा इसम मौजे मजकुरी राहत नाही. ठावठिकाणा माहीत नाही. सबब लखोटा परत.’ खाली सही हाय. पोलीस पाटील."

"कळलं आता?" सुभेदारांचा आवाज चढला. "पाटील म्हणजे बापूसाहेबाचा बाप. पदकं आली होती आपल्या घरी. ह्या पाटलानं दारातून परत घालवली आणि वर गावात उठवून दिलं की भैरू पळपुटा. आज बापूसाहेब सरपंच आहे, त्याच्याच हातात यादी आहे. त्याच्या तोंडासमोर हा कागद वाचणार मी. बघू कुठं तोंड लपवतो ते."

तीन दिवस ते ह्याच क्षणावर जगत होते. बापूसाहेबाचा चेहरा कसा पडेल, ते मनातल्या मनात किती वेळा बघून झालं होतं. गिताबाईनं पदर खोचला होता, मल्हारीसुद्धा वळून बसला होता. पाटलाचा राग त्यालाही काही कमी नव्हता.

"पाटलाचं नाव घिऊ नगं, जयसिंग," नाना कोपऱ्यातून म्हणाले. "ते मी सांगितलं."

"काय सांगितलं?"

"भैरू इथं राहत न्हाई म्हणून."

नानांनी चाती मांडीवर ठेवली आणि आपणहून सांगायला लागले.

"पावसाळ्यात कळप गावाकडं असायचा. त्या साली हैदराबादकडं गडबड चालली व्हती. जुन्या शिपायास्नी परत उचलत्यात, अशी आवई व्हती. भैरू आल्यापासनं धड झोपत नव्हता. विमान वरनं गेलं की हातातलं टाकून उभा राहायचा, ते दिसेनासं हुईस्तोवर. एका दिसाला कोतवाल आला. म्हणला, भैरूला पाटलानं बोलीवलंय, सरकारी लखोटा आलाय, सही द्यायचीय. भैरू मेंढरं घिऊन नदीपल्याड गेल्याला. मला वाटलं न्यायलाच आल्यात. मी तसाच चावडीवर गेलो आन् पाटलाला म्हनलो, भैरू न्हाई इथं. परागंदा हाय. वरीस झालं, कुठं हाय ठावं न्हाई. पाटील म्हनला, अरं परवा तर दिसला की. मी बिरोबाची आन घेतली. खोटी. मग त्यानं लिवलं."

"आणि त्याला वाटलं, भाऊ एवढा लपवतोय म्हणजे हा पळूनच आलेला असणार," सुभेदार सावकाश म्हणाले.

"व्हय. मला तवा त्येचं काय वाटलं न्हाई. म्हनलं, पळपुटा म्हणू देत, भाऊ तर राहिला. लखोट्यात काय व्हतं ते मला तवा काय ठावं."

सुभेदार उठून बाहेर गेले. नदीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीजवळ उभे राहिले, पाण्याकडे बघत. राग कुणावर काढायचा तेच कळेना. ह्याच नानांनी त्यांना खांद्यावर बसवून घाट चढवले होते. ह्याच नानांच्या एका खोट्या शपथेनं त्यांचं लहानपण नासलं होतं. पाटलावर रागावणं किती सोपं होतं, सगळं कसं बसवलेलं होतं. आता त्या कागदाचं काय करायचं?

मल्हारी मागोमाग आला. आणि आता मल्हारीच म्हणाला, "दादा, वाचा तुम्ही कागद. सही पाटलाची हाय. चावडीवर काय बोलणं झालं ते कोतवालाला ठावं, आन् तो कवाच मेला. नानांचं नाव कशाला निघाया पायजे?"

"सकाळी तर कागद काढू नका म्हणत होतास."

"सकाळी ठावं नव्हतं. आता ह्या वयात म्हाताऱ्यावर गाव थुंकंल. आबा गेलं, पाटील गेला. गेलेल्याच्या डोक्यावर घाला की."

"अवो, त्यो बी कुणाचा तरी बापच हाय," गिताबाई मागून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते दोघांना कळलं नव्हतं. "एका बापाचं नाव धुवायला दुसऱ्याच्या बापाला माखायचं? मग आपल्यात आन् त्यांच्यात काय राहिलं?"

सकाळपासून जी बाई पदर खोचून लढाईला उभी होती, तिनंच आता वाट अडवली. फौजेत हुकूम देणारा वर कुणीतरी असतो. इथं त्या तिघांत सुभेदारच मोठे होते, हुकूम त्यांनीच द्यायचा होता.

घरात आले तर नाना पटका बांधत होते.

"कुठं निघालात?"

"सभंला. तू कागद वाच. माझं मी बोलतो."

"नाना, तुम्हाला कुणी सांगितलं नाही बोलायला."

"तेच तर," नाना म्हणाले. "भैरू सांगायचा, सकाळी बारा विमानं गेली तर बारा माघारी येस्तोवर त्यो भाकर खायचा न्हाई. बाकीचं हसायचं त्याला. पर आपल्याकडं कळपाचा मेळ लागल्याबिगर कोण जेवतं का? दोनदा मेळ लागला न्हाई. एकदा एक, एकदा दोन. ती पोरं आलीच न्हाईत. म्हणून त्यो गप व्हता. पळून आला म्हणून न्हवं. ज्याची मेंढरं हरवली त्यो बढाया मारत न्हाई. ह्ये मला ठावं व्हतं, आन् मी गावाला बोलू दिलं. आता बोलायला मला कुणी सांगायचं?"

सुभेदारांनी बापाबद्दल पहिल्यांदाच एवढं ऐकलं. धावपट्टीच्या कडेला उपाशी उभा असलेला, आभाळात मोजणी करणारा आपला बाप त्यांच्या डोळ्यांपुढं आला. त्यांनी नानांच्या हाताला धरलं.

सभा शाळेच्या पटांगणात होती. शे-सव्वाशे माणूस. ग्रामसेवकानं अकरा नावं वाचली आणि सरपंच बापूसाहेब म्हणाले, "कुणाची हरकत?" बापूसाहेब साठीचे, बोलायला गोड, पण यादी हातातून सोडत नव्हते.

सुभेदार उभे राहिले. "एक नाव राहिलंय. भैरू सतू बिडगर."

मागच्या रांगेत कुणीतरी हळूच हसलं. बापूसाहेब तोंडावर काही न दाखवता म्हणाले, "सुभेदार, तुमचा मान हाय. पर कागद पायजे."

सुभेदारांनी कागद वाचला. भरती, सुटका, बॉम्बर स्क्वाड्रन, वर्तणूक. प्रत्येक शब्द परेडवर हाळी द्यावी तसा. शेवटी तीन पदकं. मग त्यांनी झेरॉक्स काढली. ती न वाचताच पुढं जाऊन बापूसाहेबांच्या हातात दिली. हे आपण का केलं, ते त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. बापूसाहेबांनी बापाची सही ओळखली.

"हे माझ्या बापानं..." ते म्हणाले आणि थांबले.

"तुझ्या बापाचा दोष न्हाई, बापू," नाना उठता उठता म्हणाले. रविराजनं त्यांना काखेत हात घालून उभं केलं. "त्येला खोटं मी सांगितलं. भैरू गावात असताना न्हाई म्हनलो. बिरोबाची आन घिऊन म्हनलो. मला वाटलं, भावाला लढाईवर न्यायला आल्यात. आली व्हती ती त्याची पदकं. माझा भाऊ पळून आला न्हाई. साडेतीन वरसं त्यानं विमानं भरली आन् सरकारनं सोडलं तवा आला. पळालो असंल तर मी. खरं बोलायच्या वक्ताला पळालो, पन्नास वरसं. काय म्हणायचं ते मला म्हणा."

मघाशी हसलेला माणूस पायांकडे बघत होता. सुभेदारांनी नानांकडे बघितलं. काठीला टेकलेला म्हातारा, पण मान खाली नव्हती. हा आपला चुलता आहे, असं तिथं सगळ्यांना ओरडून सांगावं असं त्यांना वाटलं.

बापूसाहेबांनी हातातली यादी ग्रामसेवकापुढं ठेवली. "नाना, तुम्ही खोटं बोललात ते भावापायी. माझ्या बापानं लिवलं ते तुमच्या तोंडाकडं बघून. तिथवर कुणाचंच चुकलं असं मी म्हणत न्हाई. पर लिवून झाल्यावर त्यानं गावभर सांगितलं, ते त्याचं चुकलं. आन् मी बी सांगितलं, शाळंत असताना. जयसिंगरावांना ठाऊक हाय." त्यांनी सुभेदारांकडे बघितलं. सुभेदारांना ठाऊक होतं. ते फक्त मान हलवून हो म्हणाले. बापूसाहेब पुढं म्हणाले, "ग्रामसेवक, नाव लिवा. साल बघून लिवायचं ठरलंय ना? मग बेचाळीस साल पयलंच येतंय."

"पहिलंच," ग्रामसेवक म्हणाला आणि त्यानं बारा नावांची यादी वरून पुन्हा वाचली. भैरू सतू बिडगर, हवाई दल, दुसरे महायुद्ध. मल्हारी इतका वेळ मागं उभा होता. नाव ऐकलं तसा तो पुढं आला आणि शेजारच्या माणसाला उगाचच म्हणाला, "बॉम्बर विमानावर व्हते आमचे आबा. आर्मरर. एक्झम्प्लरी." सकाळी हमाली म्हणणारा हाच तो, पण सुभेदारांनी त्याला टोकलं नाही. गिताबाई बायकांत बसली होती. तिथं तिच्याभोवती आधीच घोळका जमला होता आणि ती कुणालाच सोडणार नव्हती.

सभा उठली. नानांचे पाय दुखत होते म्हणून सुभेदारांनी त्यांना शाळेच्या पायरीवर बसवलं.

"दिल्लीला अर्ज केला की पदकं परत मिळतात," ते म्हणाले. "घरात लावू. पण एक मनाला खातंय, नाना. आबांना कधी कळलंच नाही. सरकारनं आपल्याला विचारलं नाही, असंच वाटत गेलं असेल त्यांना."

"त्याला ठावं व्हतं," नाना म्हणाले.

"काय?"

"मीच सांगितलं. तू लढाईवरनं सुट्टीवर आलास, बाहत्तर साली. तुझी ती पदकाची डबी तू घरात दावलीस. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला, त्या लखोट्यात काय असंल ते. दुसऱ्या दिसाला आम्ही कातरणीला बसलो व्हतो. म्हनलं, भैरू, मी आसं आसं केलं, मार मला. त्यानं हातातलं मेंढरू कातरून संपवलं. सोडलं. मग म्हनला, हौश्या, घरात पदक आलं न्हवं? माझ्या पोराचं आलं. माझ्यापरास मोठं आलं. मग माझं कशाला हुडकायचं?"

नाना पुढं सांगत राहिले.

"म्हनला, जयसिंगला सांगू नगं. त्यो माझं नाव धुवायला भरती झालाय. धुवायला काय न्हवतंच म्हणून कळलं, तर त्याचं निम्मं बळ जाईल. त्याला वर चढू दे. आन् मग तुझी बढती झाल्याचं पत्र आलं की त्यो मला पंधरा डाव वाचून घ्यायला लावायचा, दिसंल त्या मास्तराकडनं. सगळ्या वाटंनं. कोकणापातुर."

ज्या बापासाठी आपण अठ्ठावीस वर्षं ताठ उभे राहिलो, तो बाप सगळा वेळ आपल्याकडंच बघत होता. मेंढरांमागं चालता चालता अनोळखी मास्तरांपुढं पोराचं पत्र धरत होता. त्याला कसलाच कलंक वाटत नव्हता. त्याला फक्त अभिमान वाटत होता, आणि तो त्यानं पोराच्या भल्यासाठी पोरापासूनच लपवला होता.

सुभेदार पायरीवर नानांच्या शेजारी बसले आणि भर पटांगणात रडले. माणसं अजून पांगली नव्हती. नानांनी त्यांना गप केलं नाही, नुसता पाठीवर हात ठेवला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत राहिले, "भैरूचा थोरला हाय. सुभेदार हाय."